डावी बाजू दाखव

ओर्काचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ‘किलर व्हेल’चा, देखणा फोटो आणि कामाचा फोटो हे सहसा एक नसतात. देखण्या फोटोत ती पाण्याबाहेर उसळलेली असते, पांढरं पोट चकाकत असतं, चहूकडे तुषार आणि मागे बर्फाचे डोंगर. तो फोटो कॅलेंडरवर जातो. कामाच्या फोटोत निम्मं करडं पाणी, निम्मं करडं आभाळ आणि मधे काळ्या पाठीचा एक तुकडा, एवढाच ऐवज. पण त्या तुकड्यावर पाठीवरचा पर नीट दिसतो, पराच्या मागचा राखी डाग दिसतो, आणि तेही डाव्या बाजूने, कॅमेऱ्याशी काटकोनात. असा फोटो समोर आला की जाणकार सांगतात, ही अमुक, हिची आई तमुक, आणि हिचा भाऊ मागच्या हिवाळ्यापासून दिसलेला नाही.

मला त्यातल्या शेवटच्या बातमीत जास्त रस आहे. पण तिथवर जायला थोडं फिरून जावं लागेल.

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत लागत नाही. आमच्यासाठी समुद्र म्हणजे अंबाझरी, आणि लाटा म्हणजे पावसाळ्यात तलाव ओसंडला की पाहायला जमणारी गर्दी. ओर्कांचं वेड इथे लागावं असं काही कारण नाही. मला ते भाच्यामुळे लागलं, आणि खरं सांगायचं तर भाच्यापेक्षा त्याच्या वडिलांमुळे.

भाचा सिएटलकडे नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी फेरीबोटीने सॅन हुआन बेटावर जातो. तिथे लाइम किल्न पॉइंट नावाचं उद्यान आहे. १९१९ सालचं दीपगृह, खाली खडक, समोर हारो सामुद्रधुनी. बोटीत न बसता, काठावर डबा सोडून निवांत ओर्का पाहता येतील अशा जागा जगात मोजक्या आहेत, त्यातली ही एक. पाहता येतील म्हणजे आल्या तर. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिकडे संध्याकाळ, इकडे तर्री-पोह्यांची वेळ. ताईने हात जोडले, कुणीतरी ‘केवढा मासा!’ लिहिलं (मासा नव्हे, डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, पण सकाळी सकाळी कोण वाद घालणार), आणि मग भाऊजींचा प्रश्न आला, “कोनती होय?”

भाऊजी निवृत्त वनपाल. बहुतेक नोकरी पेंचच्या जंगलात गेली.

“बाबा, ओर्का आहे ती.”

“ते तं दिसूनच राहिलं. कोनती, ते विचारून राहिलो.”

भाच्याला सांगता आलं नाही. वाघाचा फोटो कुणी दाखवला तरी भाऊजी हेच विचारतात. ‘वाघ दिसला’ एवढ्यावर त्यांचं समाधान कधीच होत नाही. जिप्सीतून उतरलेले पाहुणे ‘साइटिंग झालं, साइटिंग झालं’ म्हणून नाचत असतात तेव्हा ते बाजूला उभं राहून गाईडला हळूच विचारतात, कोणता होता, कुठून आला, कुठे गेला.

भाच्याने हट्टाने तिथल्या ओर्कांची ओळख-पुस्तिका मिळवली आणि आम्हा दोघांना पाठवली. मी बँकेत होते. नोकरीच्या सुरुवातीला चेकवरची सही नमुना कार्डाशी ताडून पाहणं हे माझं काम होतं. त्या कामात एक गोष्ट लवकर कळते. अख्खी सही पाहिली तर फसायला होतं, कारण एकाच माणसाच्या दोन सह्या कधी सारख्या नसतात. म्हणून एखादं वळण धरायचं, पेन कुठे उचललं, शेवटचा फराटा वर गेला की खाली, ते पाहायचं. पुस्तिकेतल्या काळ्या पाठींच्या रांगा पाहिल्या आणि नजर आपोआप त्या कामाला लागली.

सुरुवात पराच्या उंचीपासून. पूर्ण वाढलेल्या नराचा पर सरळ, ताठ आणि १.८ मीटरपर्यंत उंच. मादीचा साधारण त्याच्या निम्मा आणि मागे वळलेला. पण कोवळ्या नराचा पर मादीसारखाच असतो, वयात येताना मात्र काही वर्षांत झपाट्याने वर जातो. तोवर नर की मादी हे पोटाखालच्या काळ्या-पांढऱ्या खुणांवरून ठरवायचं, म्हणजे ती उताणी झाली तर, आणि तेव्हाच आपला कॅमेरा सुरू असला तर. मग पराची मागची कडा. कुठे खाच, कुठे तुकडा उडालेला, कुठे टोक वाकलेलं. मग पराच्या मागचं सॅडल, म्हणजे खोगिराच्या जागी असलेला तो राखी डाग. कुणाचा सलग भरलेला, कुणाच्या डागात काळ्या रंगाची जीभ शिरलेली, कुणावर दातांचे ओरखडे. शेवटी डोळ्यामागचा पांढरा डाग. नवख्याला तोच डोळा वाटतो. खरा डोळा त्याच्या पुढे, काळ्यात काळा, फोटोत बहुधा दिसतच नाही. पिल्लांसाठी हा पांढरा डाग फार उपयोगाचा, कारण जन्मल्यावर त्यांचं सॅडल फिकट असतं आणि पांढऱ्या भागावर केशरी झाक असते. परावर खाचा पडायला तर आयुष्य जावं लागतं.

डावीच बाजू का? कारण दोन्ही बाजू सारख्या नसतात. एकाने डावीकडून काढला, दुसऱ्याने उजवीकडून, तर दोन्ही फोटो उत्तम असूनही एकमेकांशी जुळवता येत नाहीत. कुठलीतरी एक बाजू ठरवावी लागते. त्या किनाऱ्यावर पहिल्या माणसाने डावी ठरवली, आणि पुढचे लोक तिच्यामागे गेले. भाऊजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आमाले दोन्ही लागते.” वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टेही वेगळे असतात. म्हणून जंगलात पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात, वाघ मधून गेला की दोन्ही कुशी एकदमच मिळतात. समुद्रात अशी पायवाट नाही.

तो पहिला माणूस म्हणजे मायकेल बिग. कॅनडातल्या नॅनायमो इथल्या सरकारी संशोधन केंद्रातला शास्त्रज्ञ. साठच्या दशकात मत्स्यालयांसाठी ओर्का पकडण्याचा धंदा जोरात होता. विमानं आणि पाण्यात फोडायचे बार वापरून कळपच्या कळप उथळ खाडीत कोंडायचे, पिल्लं वेगळी काढायची, विकायची. १९७० च्या ऑगस्टमध्ये पेन कोव्ह इथे अशा धरपकडीत काही पिल्लं जाळ्यात अडकून बुडाली. कुणाला कळू नये म्हणून त्यांची पोटं फाडून दगड भरले आणि तळाशी सोडली. नंतर ती किनाऱ्याला लागलीच. तरीही सगळ्यांची समजूत अशी की समुद्रात ओर्का हजारोंनी आहेत, थोड्या नेल्या तर काय बिघडतं.

बिग यांच्याकडे मोजायचं काम आलं. १९७१ च्या जुलैत त्यांनी किनाऱ्यावरच्या दीपगृहांचे रखवालदार, कोळी, होड्यावाले यांना एक दिवस ठरवून दिला आणि त्या दिवशी कुठे किती दिसल्या ते कळवायला सांगितलं. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात, त्याच जातीचं काम. आकडा आला तीन-साडेतीनशेच्या आसपास. हजारो कुठे आणि हे कुठे. अर्थात एका दिवसाच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? तीच ओर्का दोन ठिकाणी मोजली गेली असेल, पाच सुटल्या असतील.

मग त्यांच्या चमूला एक मादी पुन्हा पुन्हा दिसायला लागली. तिचा पर जवळजवळ तुटून गेला होता, त्यामुळे ती लांबूनही ओळखू यायची. तिचं नाव पडलं स्टब्स. ती नेहमी त्याच सोबत्यांमध्ये असायची. आता स्टब्सला कुणीही ओळखलं असतं. बिग यांनी पुढचा विचार केला. तिच्या शेजारचे पर धडधाकट दिसतात म्हणून ते सारखे असतील असं कशावरून? बारकाईने पाहिलं तर प्रत्येकावर काहीतरी असणारच. कृष्णधवल फिल्म, भिंगाखाली निगेटिव्ह, आणि एकेक पाठ वेगळी करत जाणं. स्टब्सला क्रमांक मिळाला ए-१. काही वर्षांत तिथल्या अख्ख्या किनाऱ्याची हजेरी तयार झाली आणि ती त्या बेभरवशाच्या आकड्याच्या आसपासच निघाली. धरपकडीचा धंदा बंद व्हायला अनेक कारणं झाली, कोर्ट झालं, लोकांचा संताप झाला. १९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात तो थांबला. पण ‘हजारो आहेत’ हे बोलायची सोय या पाठींनी संपवली. धंदा संपल्यावर बिग यांना ओर्कांचं काम सोडून दुसरं बघा असं सांगण्यात आलं. त्यांनी ते स्वतःच्या वेळात चालू ठेवलं. १९९० मध्ये ते गेले.

भाऊजींना बिग आवडतात. त्याचं कारण मला वाटतं पंजाचे ठसे. भाऊजींची पिढी वाघ मोजायची ती ठशांवरून. धुळीत उमटलेल्या पंजावर काच धरायची, कडा गिरवायची, कागदावर उतरवायची, जमलं तर प्लास्टरचा साचा घ्यायचा. ठशावरून नर की मादी, कोणता वाघ, हे चांगला वनरक्षक सांगायचा. मग राजस्थानातल्या सरिस्काच्या व्याघ्र प्रकल्पाचं प्रकरण झालं. २००४-०५ मध्ये उघड झालं की कागदावर वाघ आहेत आणि जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशभरच्या गणनेत ठशांची जागा ट्रॅप कॅमेऱ्यांनी आणि पट्ट्यांनी घेतली. भाऊजी अजून चिडतात. म्हणतात, ठसा खोटं बोलत नव्हता, कागद भरणारे बोलत होते.

ते अर्धं खरं आहे. त्यांच्या नजरेबद्दल मला शंका नाही. पण त्यांची नजर त्यांच्यासोबत घरी आली. काचेवर गिरवलेली कडा दुसऱ्याने पाहिली तर त्याला फक्त गिरवणाऱ्याचा हात दिसतो. फोटोचं तसं नाही. मी एखादी पाठ जे-३५ या क्रमांकाच्या ओर्काची म्हटलं तर तिऱ्हाईत माणूस तोच फोटो घेऊन म्हणू शकतो, बाई, ही खाच बघा, ही ती नव्हे. बँकेतही सहीवर दोन अधिकाऱ्यांची नजर लागायची ती उगाच नाही.

बरं, ‘कोणती’ या प्रश्नाआधी तिकडे आणखी एक प्रश्न असतो, ‘कुठल्यांपैकी?’ त्याच पाण्यात दोन वेगळ्या जमाती राहतात. एक रेसिडेंट, मासे खाणारी, त्यातही चिनूक जातीचा मोठा सॅमन मासा. दुसरी पूर्वी ट्रान्झिएंट म्हणायचे ती, आता बिग यांच्या नावाने ओळखली जाणारी, सील आणि समुद्रसिंह मारून खाणारी. रेसिडेंटच्या पराचं टोक गोलसर, सॅडल पुष्कळदा उघडं, म्हणजे काळी जीभ शिरलेलं, कळप मोठा, आणि पाण्याखाली अखंड बडबड. बिग्ज ओर्काचा पर टोकदार, कडेला जास्त खाचा, सॅडल भरीव, टोळी लहान, श्वास घेऊन बुडाली की कुठे वर येईल नेम नाही, आणि शिकारीवर असताना अवाक्षर काढत नाही. सील ऐकतो ना. सुरुवातीला शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं की ही कळपातून हाकलून दिलेली टोळकी असावीत. दोन्ही जमाती एकमेकींशी जुगत नाहीत, मिसळत नाहीत. २०२४ मध्ये काही संशोधकांनी त्यांना दोन स्वतंत्र प्रजाती मानावं असा प्रस्तावही मांडला.

हा फरक माहीत नव्हता तेव्हा काय झालं, ते वाचून मी पुस्तिका दोन दिवस बाजूला ठेवली होती. १९७० च्या मार्चमध्ये व्हँकुव्हर बेटावरच्या पेडर बेमध्ये काही ओर्का पकडल्या. पुढ्यात मासे टाकले. त्यांनी तोंड लावलं नाही. आठवड्यामागून आठवडे गेले, मासे ताजे, चांगले, आणि त्या खात नाहीत. अडीच महिन्यांच्या आसपास एक मादी उपाशी मेली. मग उरलेल्यांनी कसंबसं माशाला तोंड लावलं. त्या बिग्ज ओर्का होत्या. मासा हे त्यांच्या लेखी अन्नच नव्हतं. नंतर संधी मिळाली तेव्हा त्यांतल्या दोन निसटल्या, आणि पुढे समुद्रात दिसल्या तेव्हा पुन्हा सस्तन प्राण्यांच्याच मागावर होत्या.

आता त्या हजेरीकडे येते. दक्षिणेकडच्या रेसिडेंट ओर्कांचे तीन कळप, जे, के आणि एल. त्यांची गणती केन बाल्कम यांनी १९७६ मध्ये सुरू केली आणि त्यांच्या सेंटर फॉर व्हेल रिसर्चने ती दरवर्षी चालू ठेवली. बाल्कम २०२२ च्या डिसेंबरात गेले, मोजणी थांबली नाही. पहिल्यांदा मोजल्या तेव्हा सत्तरच्या आसपास होत्या, कारण धरपकडीत चाळीसहून अधिक गेल्या होत्या. १९९५ मध्ये ९८ पर्यंत चढल्या. आता पुन्हा सत्तरीत आहेत. एवढ्या लहान संख्येत आकडा हा आकडा राहत नाही. एकूण एकने कमी झाली की ती कोण हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि इथेच मला वाघ आणि ओर्का यांच्यात फरक दिसतो. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय सगळ्या नागपूरने डोक्यावर घेतला होता. नागझिऱ्याहून नद्या, रस्ते, शेतं ओलांडत शंभरावर किलोमीटर चालत आलेला तो दांडगा नर. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच्या कॉलरचा सिग्नल थांबला. शोध झाला, बातम्या झाल्या, चौकशीच्या मागण्या झाल्या. भाऊजी तेव्हा म्हणायचे, गेला असंल तेलंगणात, येईल. वाघाच्या न दिसण्यावरून काही सिद्ध होत नाही. तो एकटा राहतो, वयात आला की घर सोडतो, दूर जाणं हाच त्याचा स्वभाव. त्यामुळे आशा मरत नाही, आणि आशा मरत नाही म्हणून कुणाला जाबही विचारता येत नाही. ताडोब्याची माया, टी-१२, २०२३ च्या ऑगस्टनंतर दिसेना. तिच्याही बाबतीत लोक महिनोन्‌महिने ‘बफरमधे असंल’ म्हणत होते. नोव्हेंबरात जंगलात अवशेष सापडले. ते तिचेच आहेत हे डीएनए तपासणीने सांगितलं तेव्हाच प्रश्न मिटला.

रेसिडेंट ओर्काचं असं नसतं. तिथे लेक असो की मुलगा, जन्मभर आईच्या सोबत. सासरी जाणं नाही, घर सोडणं नाही. नर मादीशी जुगतो आणि परत येऊन आईच्या शेजारी पोहतो. तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली की त्याच्या मरणाचा धोका कैक पटींनी वाढतो, असं संशोधन सांगतं. एल-८७ हा नर आई गेल्यावर के कळपात राहिला, मग जे कळपात गेला. त्याचं इतकं कौतुक होतं ते तसं फारसं कुणी करत नाही म्हणूनच. तेव्हा जे-१७ चा गोतावळा सामुद्रधुनीतून गेला, लेकी दिसल्या, लेक दिसला, नातवंडं दिसली आणि जे-१७ दिसली नाही, पुन्हा एकदा तेच झालं, पुन्हा झालं, तर शव मिळायची वाट पाहायची गरज नाही. बहुतेक शवं मिळतच नाहीत, समुद्र तळाशी नेतो. २०१९ च्या उन्हाळ्यात जे-१७, के-२५ आणि एल-८४ या तिघांची नावं अशीच एकदम खोडली गेली. कुणी मेलेलं पाहिलं नव्हतं. फोटोंच्या रांगेत तीन जागा रिकाम्या होत्या, तोच पुरावा.

म्हणजे इतकी मेहनत, डावी बाजू, काटकोन, भिंग, हे सगळं दिसलेल्या ओर्कासाठी आहे असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ते न दिसलेल्या ओर्कासाठी आहे. पर्यटकाला फक्त आलेली ओर्का दिसते. न आलेली दिसायची तर आधी सगळ्यांना ओळखावं लागतं.

जे-१७ ची लेक जे-३५ जगाला माहीत आहे. २०१८ च्या जुलैत तिचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात गेलं, आणि ती त्याचं शव डोक्यावर तोलत सतरा दिवस पोहत राहिली. टीव्हीवर, फोनवर, सगळीकडे तेच. ताईने देवाजवळ दिवा लावला होता. २०२४ च्या डिसेंबरात तिला पुन्हा पिल्लू झालं, तेही टिकलं नाही, आणि २०२५ च्या पहिल्या दिवशी ती पुन्हा तसंच शव घेऊन पोहताना दिसली. हे पाहून रडू येतं हे खरं. पण मला या रडण्याचा थोडा संशयही आहे. जे-३५ ला नाव आहे, चेहरा आहे, म्हणून आपण रडतो. तिला खायला लागणारा चिनूक नद्यांवरच्या धरणांनी, बिघडलेल्या पात्रांनी घटला, जहाजांच्या आवाजात शिकार अवघड झाली, चरबीत जुनी विषारी रसायनं साठली, यांपैकी कशाचाच फोटो ग्रुपवर येत नाही. आपल्याकडेही जयची बातमी पहिल्या पानावर, आणि त्याच्या वाटेत आलेला कालवा किंवा महामार्ग आतल्या पानावर. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या, कॅमेऱ्यांत वाघ त्यांतून जाताना दिसले. त्या बातमीवर ग्रुपमध्ये एक अंगठा आला होता, तो भाऊजींचा.

जे-३५ दुसऱ्यांदा शव घेऊन दिसली, नेमक्या त्याच आठवड्यात दोन्हीकडे अंतराचा प्रश्न आला होता. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेडच्या जंगलात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पुढून-मागून जिप्स्यांच्या मधे सापडले. व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आणि २०२५ च्या जानेवारीपासून वॉशिंग्टन राज्यात दक्षिणेकडच्या रेसिडेंट ओर्कांपासून बोटींनी हजार यार्ड, म्हणजे जवळपास एक किलोमीटर, लांब राहायचं असा नियम लागू झाला. बिग्ज ओर्कांसाठी अंतर बरंच कमी. म्हणजे बोटवाल्याला आधी ओळखता आलं पाहिजे, आणि ते लांबूनच. ओळख पटेना तर लांबच थांबायचं. भाऊजींना हा नियम फार पटला. “इकडं उलटं हाय,” म्हणाले, “वळखू येत नाही म्हनून गाडी पुढं घेते.”

कुणी विचारतं, आपल्या समुद्रात नाहीत का ओर्का? आहेत. अरबी समुद्रात, लक्षद्वीप-अंदमानकडे अधूनमधून नोंदी होतात. श्रीलंकेजवळ तर पर्यटक निळा देवमासा पाहायला जातात आणि नशीब असेल तर ओर्का भेटतात. त्या पर्यटकांच्याच फोटोंतून तिथे ओळखीची यादी तयार होत आली आहे. कोकणात फिरायला जाणाऱ्या नागपूरकरांना माझं एवढंच सांगणं की काळा उंच पर दिसला तर व्हिडिओत स्वतःचा चेहरा आणू नका, पर आणि त्यामागची पाठ आणा. वेळ आणि जागा लिहून ठेवा.

आमचं दोघांचं सध्याचं व्यसन मात्र ऐकण्याचं आहे. ओर्कासाउंड नावाचा उपक्रम आहे. त्या किनाऱ्यालगत पाण्याखाली हायड्रोफोन ठेवलेत आणि त्यांचा आवाज जगात कुणालाही थेट ऐकता येतो. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे. नवतपात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, कूलरच्या घरघरीत इअरफोन घालून बसलं की तिथल्या मध्यरात्रीचं पाणी ऐकू येतं. बहुतेक वेळ जहाजाचा घोगरा आवाज. क्वचित हाका. प्रत्येक कळपाच्या हाका ठरलेल्या आहेत, त्यांना क्रमांक आहेत. जे कळपाची नेहमीची एस-१, के ची एस-१६, एल ची एस-१९. के वाले मांजराच्या पिल्लासारखे ओरडतात, ते मलाही कळतं. भाऊजींचे कान मात्र तयार आहेत, सांबराचा आणि वानराचा कॉल ऐकून वाघ कुठल्या नाल्यात आहे हे सांगणारे. एस-१ त्यांनी दोन-तीनदा ऐकूनच पक्की केली. आणि काहीच ऐकू येत नसलं तरी ते इअरफोन काढत नाहीत. “शिकारीवाली असंल तं बोलन कायले?”

त्यांनी एक रजिस्टर केलंय, बीटवर ठेवायचे तसं, रकाने आखून. जे-१७ च्या नावावर आडवी रेघ आणि २०१९. तिच्या खाली जे-२८, तिच्यावरही रेघ, २०१६. मग जे-३५, जे-४४, जे-५३. जे-३५ च्या खाली तिची दोन जिवंत पोरं, जे-४७ आणि जे-५७. बिग्ज ओर्कांचं पान सोपं जातं, कारण क्रमांकातच वंशावळ आहे. आजी टी-४६, तिची लेक टी-४६बी, नात टी-४६बी१. वनखात्याने वाघांना असे क्रमांक दिले असते तर माझी अर्धी नोकरी वाचली असती, असं त्यांचं म्हणणं.

तिकडची मोजणी एक जुलैची स्थिती धरून होते, आकडे त्यानंतर येतात. यंदाचा रकाना भाऊजींनी आखून ठेवलाय. ताईने रजिस्टर उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, किराण्याचा हिशेब असा कधी लिहिला होता का. भाऊजी म्हणाले, “किराना कुठं हरवते?”